नंबरप्लेट आणि कॉलेजची फी

“कोपऱ्यावरच्यांनी गाडीची नंबरप्लेट बदलली, पाहिलंस का?”

शनिवारी सकाळी काकूंनी कुंपणापलीकडून विचारलं आणि मी झाडांना पाणी घालायचा पाइप तिथेच टाकला. उत्तर व्हर्जिनियातल्या आमच्या या ॲशबर्नमध्ये बातम्या दोन ठिकाणी कळतात: मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि काकूंच्या कुंपणाशी. ग्रुपवर बातमी लवकर येते, काकूंकडे ती पूर्ण मिळते.

“कुठली गाडी? ती करडी व्हॅन?”

“तीच. मेरीलँडहून इथं राहायला आले त्याला दोन वर्षं झाली, पण प्लेट मेरीलँडचीच. गाडी दिराच्या पत्त्यावर ठेवलेली. का, ते तुला ठाऊक आहेच.”

ठाऊक होतंच. व्हर्जिनियात गाडीवर दरवर्षी कर बसतो, गाडीच्या किमतीवर. आमच्या लाउडन काउंटीत त्याचं बिल वर्षातून दोनदा येतं, मे आणि ऑक्टोबर. पोटोमॅक नदी ओलांडून मेरीलँडमध्ये गेलं की हा कर नाही. त्यामुळे नदीपलीकडून आलेले काहीजण जुनी प्लेट काढायचं नाव घेत नाहीत. नियमाप्रमाणे बदलायलाच हवी, पण बघतंय कोण?

“कॉलेज बघतं,” काकू म्हणाल्या. “मोठ्याला ॲडमिशन मिळाली. इन-स्टेट फीसाठी डोमिसाईलचा फॉर्म भरायचा होता. त्यात पहिल्या पानापासून एकच चौकशी, वेगवेगळ्या तोंडांनी. तुमची गाडी कुठे नोंदवली आहे? वडिलांचं लायसन्स कुठलं? टॅक्स कुठे भरलात? यांचं घर इथं, नोकरी इथं, पोरगा इथल्या हायस्कूलमध्ये. पण गाडी मेरीलँडची, लायसन्स मेरीलँडचं. कॉलेजने पत्र पाठवलं, आऊट-ऑफ-स्टेट म्हणून.”

“अरे देवा! मग?”

“मग काय, धावपळ. तिने मला फोन केला. मी म्हटलं, बाई, आधी प्लेट बदल, मग अपील कर.”

इथे थोडा हिशोब सांगायला हवा, नाहीतर एका प्लेटीसाठी एवढी धावपळ का, ते देशातल्या वाचकाला कळणार नाही. अमेरिकेत सरकारी विद्यापीठं राज्यांची. राज्यातल्या मुलांना फी कमी आणि बाहेरच्यांना दुपटीतिपटीने जास्त. ब्लॅक्सबर्गचं व्हर्जिनिया टेक धरा, राज्यातल्या मुलाला वर्षाची फी साधारण १६ हजार डॉलर, बाहेरच्याला ३८ हजारांच्या आसपास. शार्लट्सव्हिलच्या युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियात बाहेरचा आकडा ६० हजारांपर्यंत जातो. यात राहणं-खाणं नाही. गाडीच्या करात वर्षाला काहीशे डॉलर वाचवायचे आणि फीमध्ये बावीस हजारांचा फटका खायचा, असा तो सौदा.

राज्याचं म्हणणं असं की इथल्या आईबापांनी कर भरून ही विद्यापीठं चालवली, तेव्हा सवलत त्यांच्याच मुलांना. ऐकायला बरोबर वाटतं. आम्ही न्यू जर्सीत बारा वर्षं कर भरला. इथं आलो त्या दिवशी तो सगळा शून्य झाला, आणि एक वर्ष भरताच इथला वर्षभराचा कर पुरेसा ठरला. बारा वर्षांच्या कराला किंमत नाही आणि एका वर्षाच्याला आहे, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

“एक वर्ष म्हणजे कधीपासून धरतात हो?” मी विचारलं. आमची लेक आता अकरावीत, इथल्या भाषेत ज्युनियर.

“टर्म सुरू होते त्या पहिल्या दिवसाच्या आधी सलग एक वर्ष. पण नुसतं राहून भागत नाही. कायद्यात यादीच दिली आहे. टॅक्स, लायसन्स, गाडी, मतदार यादीतलं नाव, नोकरी, मालमत्ता. एका कागदाने काही ठरत नाही, सगळं एकत्र बघतात. आणि पोरगं चोविसाच्या आतलं असेल तर ते आईबापांवर अवलंबून आहे असंच धरून चालतात. म्हणजे कागद तुमचे, पोराचे नाहीत.”

“मतदार यादीचं आमच्या हाती काही नाही.”

“तुमच्या हाती बाकीचं आहे. ते चोख ठेवा.”

काकूंना हे सगळं तोंडपाठ आहे, कारण मंडळातल्या प्रत्येक घरची बारावी त्यांच्या कुंपणावरून पार पडली आहे. एका घराची हकिकत त्या नेहमी सांगतात. आईवडील मेरीलँडमध्ये, मुलीला हवं होतं व्हर्जिनियातलं कॉलेज. शेवटच्या वर्षी तिला मामाकडे फेअरफॅक्सला ठेवली. मामाचा पत्ता, मामाच्या घरच्या शाळेचा दाखला, सगळं जय्यत. कॉलेजने विचारलं, मामा ठीक आहे, पण आईवडील कुठे राहतात? मामाचं प्रेम इथल्या कायद्याला चालत नाही. शिक्षणासाठी येऊन राहिलेला माणूस रहिवासी होत नाही, हे जवळजवळ सगळ्याच राज्यांचं पहिलं कलम.

“आणि ते शिकागोचं आठवतं का?” काकूंनी आवाज उगाच खाली आणला. आजूबाजूला ऐकायला खारीशिवाय कोणी नव्हतं. “२०१९ ची गोष्ट. पेपरात आलं होतं. शिकागोच्या उपनगरांतल्या सुखवस्तू आईबापांनी पोरांचं पालकत्वच कोर्टात नातेवाइकांना नि मित्रांना देऊन टाकलं. कागदावर पोरगं पोरकं, म्हणजे मदत मिळायला मोकळं.”

“ते फीच्या सवलतीचं नव्हतं ना? आर्थिक मदतीसाठी केलं होतं.”

“अगं, भूक तीच. हक्काच्या गरीब पोरांचा वाटा ओढला, आणि वर कायद्यात बसतं म्हणून मिरवले. मला तर ऐकूनच कसंतरी झालं. कोर्टात उभं राहून ‘हा माझा मुलगा नाही’ म्हणायचं?”

माझ्या मते आर्थिक मदतीवर डल्ला मारणं आणि गाडीचा कर चुकवणं यात फरक आहे. पण काकू दोन्ही एकाच खात्यात टाकतात, आणि कुंपणापाशी त्यांच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही.

सरळ मार्गही आहेत बरं का. मंडळातल्या एकाचा मुलगा, इथेच जन्मलेला, कोलंबियाला मिसुरी विद्यापीठात गेला. पहिलं वर्ष बाहेरच्याची फी भरली. उन्हाळ्यात घरी आलाच नाही, तिथेच राहून एका दुकानात आइस्क्रीम विकलं. त्या राज्यात बारा महिने राहायचं आणि किमान २ हजार डॉलर करपात्र कमाई दाखवायची, मग पुढच्या वर्षापासून राज्यातली फी, अशी तिथली सोय. त्याच्या आईला उन्हाळाभर पोराचं तोंड दिसलं नाही म्हणून ती कुरकुरली, पण वडिलांनी मात्र आइस्क्रीमवाल्याला दिवाळीचा फराळ पाठवला म्हणतात. पश्चिमेकडच्या राज्यांची आपसातली व्यवस्था आणखी वेगळी. शेजारच्या राज्यातल्या मुलाला ठरावीक कॉलेजांत राज्याच्या दीडपट फी. तिपटीपेक्षा दीडपट बरी.

“हे सगळं इतकं कोर्टकचेरीतून घडलंय ना,” काकू म्हणाल्या. त्या आता कुंपणाला रेलून उभ्या होत्या, म्हणजे पुढचा अर्धा तास पक्का. “कनेक्टिकटची गोष्ट ऐकलीस? तिथे पूर्वी नियम होता. अर्ज करताना तुमचा पत्ता राज्याबाहेरचा असेल तर पूर्ण शिक्षण होईपर्यंत तुम्ही बाहेरचेच. एक मुलगी कॅलिफोर्नियाहून लग्न करून तिथल्या नवऱ्याच्या घरी आली. लायसन्स तिथलं, गाडी तिथली, मतदार यादीत नाव तिथलं. तरी विद्यापीठ म्हणे, तू बाहेरची.”

“सासरी येऊनही माहेरचीच!”

“तीच तर! शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि जिंकली. १९७३ साली. न्यायालय म्हणालं, वर्षाची अट घाला हवी तर, पण माणसाला आपण इथलेच आहोत हे दाखवायची संधी तरी द्या.”

व्लॅंडिस विरुद्ध क्लाइन नावाचा हा खटला. डोमिसाईलचे फॉर्म आज इतके लांबलचक असतात त्याला काही अंशी तोही कारण आहे. एकदा संधी द्यायची ठरली की पुरावे मागणं आलं, आणि पुरावे मागायचे म्हटले की पानं वाढणार.

मग काकू आपल्या लाडक्या खटल्यावर आल्या. काका जागतिक बँकेत होते. तेव्हा हे लोक मेरीलँडमध्ये रॉकव्हिलला राहायचे, व्हिसा जी-फोर. बँकेसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांत काम करणाऱ्यांचा तो व्हिसा. या लोकांच्या मुलांना मेरीलँड विद्यापीठ राज्यातली फी द्यायला तयार नव्हतं, कारण त्यांच्या आईबापांच्या पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही. मुलांनी दावा लावला. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाला सांगितलं की जी-फोर व्हिसावर आलेल्यांना इथे कायमचं घर करायला देशाच्या संसदेने मनाई केलेली नाही, तेव्हा राज्याच्या विद्यापीठाने ती करू नये. पुढे नव्वदच्या दशकात काकूंचा थोरला कॉलेज पार्कला गेला तो त्याच निकालाच्या जोरावर.

“माझ्याकडे अजून फाईल आहे,” काकू म्हणाल्या. “विजेची बिलं, फोनची बिलं, भाडेकरार. निळ्या नाडीने बांधलेली. पोरगा आता चाळिशी ओलांडून गेला, पण मी टाकत नाही. कोण जाणे कधी कोण विचारेल.”

ती फाईल मी पाहिली आहे. विजेच्या प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात काकूंनी बॉलपेनने महिना लिहून ठेवला आहे, मराठीत. मार्गशीर्ष नव्हे, डिसेंबरच, पण देवनागरीत.

आता मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं.

“काकू, आमची ऑक्टोबरची आहे.”

काकूंना एवढं पुरलं. त्यांनी बोटांवर मोजलं. “म्हणजे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच एकवीस.”

“हो. आणि आमची प्रायॉरिटी डेट काही तोवर येत नाही.”

भारतातून एच-वनवर आलेल्या घरांत हे वाक्य पुरं करावं लागत नाही. ग्रीन कार्डाची रांग आपल्या लोकांसाठी इतकी लांब की लहानपणी आणलेली मुलं रांगेतच मोठी होतात. आईवडिलांच्या व्हिसावर मूल एच-फोर असतं ते एकविसाव्या वाढदिवसापर्यंत. मग ते आमच्यावर अवलंबून राहत नाही, निदान इमिग्रेशनच्या लेखी. सगळे म्हणतात, ‘एज आऊट’ होतं. मग स्वतःचा विद्यार्थी व्हिसा घ्यायचा, एफ-वन.

“एच-फोर असेपर्यंत व्हर्जिनियात राज्यातली फी मिळते,” काकू म्हणाल्या. “एच-वनवाल्याला इथे कायमचं राहायचा विचार करायला मुभा आहे ना. १९९० च्या कायद्यापासून. तात्पुरता व्हिसा आणि कायमचं मन, दोन्ही चालतं. म्हणून पोराचंही चालतं.”

“आणि एफ-वन झालं की?”

“एफ-वनला नाही.”

इथे आमचं दोघींचं बोलणं थोडा वेळ थांबलं, कारण यातली गंमत आम्हा दोघींच्याही लक्षात होती आणि ती हसण्यासारखी नव्हती. डोमिसाईलच्या फॉर्ममध्ये लेकीला सिद्ध करायचंय की तिचं घर हेच, इथून जायचा तिचा इरादा नाही. लायसन्स, टॅक्स, घराचा कागद, सगळं त्यासाठी. आणि एकवीस पूर्ण झाल्यावर एफ-वनच्या अर्जात त्याच मुलीला सांगावं लागणार की तिचं घर दुसऱ्या देशात आहे, ते सोडायचा तिचा विचार नाही, शिक्षण संपलं की ती परत जाणार. तीच मुलगी, तीच खोली, भिंतीवर तेच पोस्टर. चार वर्षांची होती तेव्हा आली. पुण्याला गेली की आजीच्या घरी बाथरूम कुठे ते विचारावं लागतं तिला.

आणि फॉर्म दोन्ही खरे भरायचे आहेत. खोटं कुठेच बोलायचं नाही. वकीलही तेच सांगतो.

“२०२० मध्ये व्हर्जिनियाने कायदा केला होता ना,” मी म्हटलं. “इथल्या हायस्कूलमध्ये दोन वर्षं शिकलं, आईबापांनी दोन वर्षं टॅक्स भरला, की इमिग्रेशनचा दर्जा न बघता राज्यातली फी.”

“केला. आणि त्यातच लिहिलं, एफ व्हिसावाले सोडून. कागद नसलेल्या पोरालाही दार उघडं ठेवलं, ते चांगलंच केलं, माझं काही म्हणणं नाही. त्या पोरांनी काय पाप केलंय? पण सगळे कागद नीट असलेल्या पोरीला त्याच कलमाने बाहेर ठेवलं. असल्या कायद्यांचं तरी काय खरं! टेक्सासचा असाच कायदा २००१ पासून होता, २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाच्या एका आदेशाने बंद पडला.”

टेक्साससुद्धा अजब आहे. माझा भाचा पुण्याहून डॅलसला एमएस करायला गेला, तोही एफ-वनवरच. पण तिथे राज्याच्या कायद्यात सोय आहे. किमान १ हजार डॉलरची स्पर्धेतून मिळालेली शिष्यवृत्ती असेल, तर विद्यापीठ बाहेरच्याची जादा फी माफ करू शकतं. मग काय, त्या हजार डॉलरसाठी पुण्याची नि हैदराबादची सगळी पोरं जीव टाकतात. भाच्याला मिळाली. पहिल्यांदा देश सोडून आलेला मुलगा टेक्सासच्या फीमध्ये शिकला आणि इथे वाढलेल्या माझ्या मुलीची तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत फी बदलणार.

“बाई, आपल्याकडे तरी कुठे सरळ आहे?” काकू म्हणाल्या. त्यांच्या भाच्याची बदलीची नोकरी, मुलगी दहावी हैदराबादला झाली, बारावीला पुण्यात आणली. मेडिकलच्या राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातली हवी. आजोबा-पणजोबा साताऱ्याचे, अधिवासाचा दाखला काढून ठेवलेला, पण दहावीच्या गुणपत्रिकेवर तेलंगणा. “देश एक असला तरी पोरांना जिल्हा-तालुका विचारायची हौस सगळ्यांनाच.”

मग त्या व्यवहारावर आल्या, आणि काकू व्यवहारावर आल्या की आवाज बदलतो.

“हे बघ, तिसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरपर्यंत तुझ्या हातात पाच टर्म. टर्मच्या पहिल्या दिवसाचा दर्जा बघतात, तेव्हा ती पाचवी टर्म पदरात पडते. राहिल्या तीन. प्रत्येकी अकरा हजारांचा फरक धर, तेहतीस हजार झाले. आता या तीन टर्म कमी कशा करायच्या, ते बघ.”

“तीन वर्षांत डिग्री?”

“किंवा जवळपास. एपीचे विषय घेऊ दे, पाचापैकी चार-पाच आणले की कॉलेजला क्रेडिट मिळतं. हायस्कूलमध्येच कॉलेजचे कोर्स चालतात, ते घेऊ दे. उन्हाळ्यात नोव्हाला पाठव.”

नोव्हा म्हणजे नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज. आपल्या मंडळातल्या आया हे नाव अशा स्वरात घेतात, जणू पोरगं नापास झालं. पार्टीत कोणी ‘आमचा नोव्हाला आहे’ म्हटलं की दोन सेकंद शांतता पसरते आणि मग कोणीतरी कोशिंबिरीचं कौतुक करतं. खरं तर तिथून राज्याच्या मोठ्या विद्यापीठांत जायचे करार ठरलेले आहेत. अमुक गुण आणा, जागा पक्की. जॉर्ज मेसन विद्यापीठाशी तर जोडून कार्यक्रमच आहे. पहिली दोन वर्षं फी अगदी थोडी, पोरगं घरी, आईच्या हातचं जेवण. काकूंच्या धाकट्याने तेच केलं. आता तो मेरीलँडमध्ये बायोटेक कंपनीत आहे, आणि तो नोव्हाला होता हे काकू स्वतःहून सांगतात. मंडळात असं सांगणाऱ्या त्या एकट्याच.

“तिला सांगितलंत तर ऐकेल का?” मी विचारलं. “तिला शार्लट्सव्हिल हवंय. मैत्रिणी तिकडे चालल्यात.”

“शार्लट्सव्हिलला जाऊ दे ना. उन्हाळ्याच्या क्रेडिटांचं म्हणतेय मी. आधी विचारून घ्या, तिकडे कुठली चालतात ते. सगळी चालत नाहीत.”

“आणि नोकरी? उन्हाळ्यात जरा कमावलं असतं तर...”

“एच-फोरच्या पोरीला कुठली नोकरी! तीही एकवीसनंतरच, आणि तेव्हाही कॅम्पसवर. कर्ज देशाचं मिळत नाही, सरकारी मदत नाही. त्यासाठी तर म्हणतेय, तीन टर्म वाचव.”

तेवढ्यात कोपऱ्यावरची करडी व्हॅन आमच्यासमोरून गेली. नवीकोरी व्हर्जिनियाची प्लेट. गाडी चालवत होती ती आई. तिने काकूंकडे पाहून हात केला, काकूंनी दिलखुलास हात केला.

“अपिलाचं काय झालं?” मी विचारलं.

“पुढच्या आठवड्यात. इथल्या नोकरीची पत्रं, घराचा टॅक्स, पोराचा शाळेचा दाखला, सगळं लावलंय. होईल किंवा नाही होणार. एक टर्म आऊट-ऑफ-स्टेट भरावी लागली तरी पुढच्या वर्षी सुटेल. पण मे महिन्यात काउंटीचं बिल येईल ना, तेव्हा नवरा-बायकोत काय होईल ते आपल्याला भिंतीतून ऐकू येणार.” त्यांनी कढीपत्त्याची कुंडी उन्हात सरकवली. “ते राहू दे. नोव्हाच्या उन्हाळ्याच्या अर्जातही डोमिसाईलचेच प्रश्न आहेत, हे तुझ्या लक्षात आलंय ना? तुमची दोघांची लायसन्सं इथली झाली ना? आणि नवऱ्याची गाडी?”

“गेल्याच महिन्यात केली.”

“मग ती पावती जपून ठेव. आणि संध्याकाळी ये, काय काय लागतं ते फाईल उघडून दाखवते.”